घरासारखंच हॉस्टेल

लातूरला मी दोन वर्षं काढली. पहिल्या वर्षी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत आपटले, दुसऱ्या वर्षी 'रिपीटर' म्हणून परत गेले. आमच्यासारख्या आपटलेल्या मुलींसाठी एक खास हॉस्टेल होतं. दारावर पाटी: 'घरापासून दूर, घरासारखंच'. अशी पाटी दिसली की अजून माझ्या अंगाची लाहीलाही होते. घराला कुणी बाहेरून कुलूप लावतं का?

हॉस्टेलच्या मॅडम फार गोड बोलायच्या. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले, तेही गालावरून हात फिरवत. घरी फोन फक्त रविवारी, स्पीकर लावून, आणि या समोर बसलेल्या. पण जेवण चांगलं, गाद्या स्वच्छ. आदल्या वर्षीच्या खोल्यांतल्या ढेकणांतून आलेल्या आम्हाला तेवढ्यावरच स्वर्ग दोन बोटं उरला होता. मूर्ख होतो.

माझ्या खोलीत जळकोटची एक मुलगी होती. तिला ताप आला. सहा दिवस उतरेना. मॅडम गोळी द्यायच्या आणि म्हणायच्या, "घरी कशाला कळवायचं बेटा? टेस्ट बुडतील." रविवारी तिनं स्पीकरवर "बरी हाय" सांगितलं आणि खोलीत येऊन ढसाढसा रडली. तिला घरी जायचं होतं, आईजवळ. एवढंच.

देगलूरच्या एसटीनं माझ्या आईचा डबा यायचा. आमच्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी साखरेच्या पुडीत चिठ्ठी घातली: हिला लई ताप आहे, हिच्या घरी कळवा, येऊन घेऊन जा म्हणावं. खाली तिच्या वडिलांचा नंबर.

चिठ्ठी पोचली. बाबांनी वाचली. आणि फोन कुणाला लावला? मॅडमना! "तुमची परवानगी असंल तर पोरीच्या घरी कळवू का?" वर चिठ्ठी शब्दन् शब्द वाचून दाखवली, ती मॅडमनी उतरवून घेतली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचली गेली. सगळ्यांचे डबे बंद झाले. बाबांना बोलावून घेतलं. ते आले आणि ऑफिसात हात जोडून उभे राहिले. "लेकरू हाय मॅडम, चुकलं." तापाचं नाव त्या खोलीत कुणी काढलं नाही. घरात कुणापुढं दबून न राहणारा माझा बाप तिथं मान खाली घालून उभा होता, ते बघून माझं डोकंच फिरलं.

मी वर गेले, जळकोटचीला शाल गुंडाळली आणि खाली आणलं. बाबांसाठी वॉचमननं कुलूप काढलं, तेवढ्यात आम्ही दोघी बाहेर.

"आगं, मॅडमला इचार की!" बाबा मागून ओरडले.

"तुम्हीच इचारा, आन् तुम्हीच ऱ्हावा हितं!"

बापाला असं मी जन्मात बोलले नव्हते. ते आमच्या मागून जळकोटच्या बसमध्ये चढले. चाकूर गेलं तरी आमच्याकडं बघितलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून होती, तिचा ताप मला कपड्यांतून भाजत होता.

जळकोटला तिच्या आईनं दार उघडलं. लेकीच्या कपाळाला हात लावला, चटका बसल्यासारखा मागं घेतला, आणि घाबरून माझ्याकडं बघत म्हणाली, "मॅडमला इचारून आलाव का?"