साडूंची येऊ घातलेली गाडी

वाट बघण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. मी पडलो उतावळा. चहा उकळेपर्यंतसुद्धा मला स्वयंपाकघरात डोकावल्याशिवाय राहवत नाही. साडूंनी मात्र सगळी नोकरी पूर्णेजवळच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन म्हणून काढली. थांबणं आणि थांबवणं हा त्यांचा पेशाच, आणि पेन्शनीत निघाल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. बाजारात ते पिशवी खाली ठेवून असे निवांत उभे राहतात, की भाजीवालाच संकोचून आधी त्यांना मेथी देतो. रस्ता ओलांडायच्या आधी हात आडवा धरून मागच्या अनोळखी लोकांनाही थांबवतात. लोक थांबतातही, का ते मला अजून कळलेलं नाही.

अशा माणसानं एका छोट्याशा कंपनीची मोटारसायकल बुक केली. नोकरीत असताना तसली एक गाडी त्यांच्या बंद फाटकापाशी येऊन थांबली होती. मोठा गोल दिवा, भारदस्त आवाज, मागे बसलेली बायको. "हारन वाजवला न्हाई त्यानं," साडू सांगतात. "मागच्या बाईसंगं बोलत बसला निवांत." फाटक उघडलं, ती दोघं निघून गेली, पण साडूंच्या मनात बसली. आक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, मागे बसवून त्याच फाटकातून देवगाव फाट्याला माहेरी न्यायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

कंपनीनं दिवाळीचा वायदा केला. दिवाळी गेली, पाडवा गेला, पोळाही गेला. गाडी बुक केलेल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता, तिथे लोक कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. साडू रोज सकाळी त्यात लिहीत, "गाडी लेट हाय. रद्द न्हाई. चहा घ्या." लोक आधी त्यांच्यावरच खवळले. पुढे पुढे एखाद्या दिवशी निरोप आला नाही तर तेच लोक त्यांची तब्येत विचारू लागले.

एकदा त्यांच्या घरी बसून मीच कंपनीला फोन लावला आणि पलीकडच्या मुलीवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. साडूंनी हळूच फोन काढून घेतला. "जेवलीस का बाई?" त्यांनी तिला विचारलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "तिनं थोडीच अडवलीय गाडी? रेल्वे लेट व्हायची अन् लोक शिव्या मला द्यायचे. लय वाईट वाटायचं हो." माझा राग मात्र काही गेला नाही.

कारण माझा जीव आक्कांच्या गुडघ्यांत अडकला होता. गाडी बुक केली तेव्हा त्या जिना चढत. आता ओट्यावरून उतरतानाही दाराची चौकट धरतात. "गाडी येईस्तोवर मी बसायसारखी ऱ्हाते का न्हाई, काय माहीत," असं त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, तेव्हा साडू उठून बाहेर निघून गेले.

शेवटी गाडी आली. साडूंनी पुसलेली गाडी पुन्हा पुसली. आक्का नवी साडी नेसून आल्या, साडूंच्या खांद्याचा आधार घेतला, पण गुडघा काही वाकेना. पुन्हा एकदा करून बघितलं. मग त्या ओट्यावर जाऊन बसल्या, आणि मी उगाच गाडीच्या आरशात तोंड बघत राहिलो.

साडूंनी कंपनीतल्या त्याच मुलीला फोन लावला. मोटारसायकलला बाजूनं जोडायची बैठक, साइडकार, तीही हीच कंपनी बनवते. ती मागवल्यावर मुलीनं लवकरच पाठवतो म्हणून सांगितलं. त्यालाही आता बरेच दिवस झाले.

परवा पूर्णेला त्यांच्या घरी गेलो, तर दोघं ओट्यावर बसलेली आणि समोर गाडी उभी. साडूंनी अजून तिच्यावरून गल्लीच्या टोकापर्यंतही चक्कर मारलेली नाही. पहिली फेरी आक्कांना घेऊनच व्हायची आहे. ते बघून मला भरून आलं, आणि मला भरून आलं की माझा आवाज चढतो. "आज त्या कंपनीला सोडत नाही," म्हणत मी खिशातून फोन काढला.

"बसा हो पावणं," आक्का म्हणाल्या आणि जरा सरकून त्यांनी मला ओट्यावर जागा केली. "लेट हाय. रद्द न्हाई."