चारकोपच्या गाळ्यातले तीस दिवस

चंद्रप्रकाश परब अंतराळात गेला तेव्हा अंतराळ त्याच्या घरापासून पायी दहा मिनिटांवर होतं. सेक्टर पाचमधून निघायचं, मच्छी मार्केट ओलांडायचं आणि औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याच्या कारखान्यामागचा शेवटचा गाळा गाठायचा. एवढ्या जवळ यायला रिक्षावालासुद्धा तयार होत नाही, मान हलवून पुढे जातो.

त्या गाळ्यात एका संस्थेने अंतराळस्थानकाची नक्कल उभारली होती. वर आकाशात माणसं महिनोन्‌महिने कशी राहतात, काय खातात, कधी एकमेकांच्या उरावर बसतात, हे जमिनीवरच तपासून पाहायचं होतं. तीन माणसं, तीस दिवस, एकही खिडकी नाही. बाहेरची बातमी आत जाणार नाही, आणि दार मध्येच उघडलं तर सगळा प्रयोग बाद.

चंद्रप्रकाश काही शास्त्रज्ञ नव्हता. तो फिटर. ते जाड रबरी पट्टीचं दार त्यानेच बसवलेलं. आयत्या वेळी तिसरा उमेदवार कांजिण्यांनी आडवा झाला आणि संस्थेच्या साहेबांची नजर दाराच्या बिजागरीला तेल घालणाऱ्या परबावर गेली. नऊ माणसांच्या दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेला माणूस! कोपर कुठे ठेवायचं आणि कोणाचं घोरणं कसं विसरायचं, हे त्याला कोणत्या विद्यापीठाने शिकवायचं होतं?

खरा उत्साह मात्र त्याच्या वडिलांना. भिकाजी परब, वय अठ्ठ्याहत्तर, गिरणीतले जुने जॉबर म्हणजे मुकादम, हृदयाला दोनदा झटका येऊन गेलेला आणि जिभेला एकदाही नाही. सेक्टरभर सांगत सुटले, "माझो झील वर गेलो!" शेजारच्या विमलाबाईंनी हात जोडले, "अहो भिकाजीकाका, वर गेला म्हणू नका हो, लोक पांढरे कपडे घालून येतील."

आत जाण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. त्यात प्रश्न होता: या काळात घरी काही वाईट घडलं, तर तुम्हाला कळवायचं का? चंद्रप्रकाशचं पेन तिथे अडलं. शेजारी बसलेल्या भिकाजींनी कागदावर बोट आपटलं.

"नको म्हणान लिही."

"बाबा, असं कसं?"

"मी मेलंय तर मेलंय. तू भायर येवन माका उठवतलंस काय? त्या पोरांचा काम नासवतलंस फक्त. लिही."

एकुलता एक मुलगा. लिहिलं त्याने.

पहिले पंधरा दिवस परबांचं राज्य होतं. सकाळी सहाला उठायचं, वजन करायचं, लघवी बाटलीत मोजायची. अंगाला पट्टे बांधून फिरत्या धावपट्टीवर तासभर पळायचं, हवेच्या जाळ्या साफ करायच्या, ओल्या फडक्याने अंग पुसायचं, पाकिटात गरम पाणी सोडून उपमा फुगवायचा. रात्री भिंतीला बांधलेल्या पिशवीत उभ्याने झोपायचं. बाकीचे दोघे, मुलुंडचा इंजिनिअर प्रीतम, जो तिथला कॅप्टन, आणि गार्गी, जिच्या पीएचडीसाठी त्या तीस दिवसांची एकूण एक नोंद लागणार होती, आठवड्यात कावले. परबकाका शीळ घालत नळ्या घासायचे.

दर रविवारी घरून एक व्हिडिओ यायचा. बायको रत्नप्रभा भिंतीसमोर बसून चार वाक्यं बोलायची. तिच्या मागे देवघर, त्यात समई. पहिल्या रविवारी मागून भिकाजींचा खोकला ऐकू आला. दुसऱ्या रविवारी, म्हणजे चौदाव्या दिवशी, ते ओरडले, "चंदू, मॅच हरलो रे आपण!" चंद्रप्रकाश हसला, प्रीतमने कपाळावर हात मारला.

तिसऱ्या रविवारी रत्नप्रभा एकटीच बोलली. सगळं बरं आहे, आपल्या श्वेताची परीक्षा झाली, काळजी करू नका. मागे खोकला नाही, ओरडणं नाही. आणि देवघरावर पांढरा पंचा टाकलेला, समई विझलेली.

आता हे गार्गीला किंवा प्रीतमला काय कळणार? त्यांनी पाहिलं ते एक फडकं. कोकणातल्या माणसाने पाहिलं ते सुतक. घरात कोणी गेलं की दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, देव झाकून ठेवायचे. चंद्रप्रकाशने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. बाराव्या वेळी पाहवेना.

त्याने नियंत्रणकक्षाचं बटण दाबलं. तिकडे श्रुतिका होती, पंचविशीची डॉक्टर, त्याच्याशी मुलीसारखी बोलणारी.

"श्रुतिका, बाबा बरे आहेत ना?"

तिकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका, तुम्ही फॉर्मवर नको लिहिलंय."

"वाईट असेल तर नको लिहिलंय. बरं असेल तर सांगायला काय जातं?"

"आज बरं आहे म्हणून सांगितलं, आणि उद्या काही बोलले नाही, तर उद्या तुम्हाला काय वाटेल? म्हणून काहीच सांगायचं नाही असा नियम आहे, काका. सॉरी."

पोरीचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच ते काळजात रुतलं. तिच्या आवाजात रडू होतं का? की सर्दी? चंद्रप्रकाश त्या एका 'सॉरी'वर रात्रभर उभा राहिला, पिशवीत.

प्रीतमने समजूत काढून पाहिली. "काका, बाळ झालं तरी देव झाकतात ना? आमच्याकडे आई झाकायची." खरंच की! सोयर असलं तरी दहा दिवस देव बंदच. गावाला परबांची चाळीस घरं, कोणाकडे ना कोणाकडे पाळणा हलत असणारच. अर्धा दिवस चंद्रप्रकाश त्या आशेवर जेवला. मग आठवलं: बाळ झालं असतं तर रत्नप्रभा सांगितल्याशिवाय राहिली असती का? आणि बाबा का ओरडले नाहीत? सोयरात म्हाताऱ्याचं तोंड कोण बंद करतं?

बाविसाव्या दिवशी त्याने शीळ घालणं सोडलं. तेविसाव्या दिवशी मीठ. चोविसाव्या दिवशी धावपट्टीवर पळता पळता थांबला आणि विचारात पडला: मडकं कोणी धरलं असेल? चुलतभाऊ लवूने? लवू डावरा, त्याच्या हातून दोनदा पडलं असेल. बाबा हसले असते. मग ध्यानात आलं की बाबा हसायला नव्हते, आणि तो पट्ट्यांना लोंबकळत तसाच राहिला. खाली पट्टी धावत होती.

घर पायी दहा मिनिटं. दार त्याच्याच हातचं. एक खटका खाली ओढला की उघडणार. पंचविसाव्या दिवशी दुपारी त्याने खटक्यावर हात ठेवला. मागे गार्गी रक्ताच्या नळ्यांवर तारखा लिहीत होती. तिने मान वर केली आणि तिच्या हातातलं पेन थांबलं. नको म्हणाली असती तर त्याने रागाने ओढलाही असता. ती फक्त पाहत राहिली, फी भरायच्या शेवटच्या दिवशी बापासमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखी.

"तुझी किती वर्षं गेली यात?" त्याने विचारलं.

"दोन. पण काका, तुम्हाला जायचं असेल तर..."

"बाबांनी बोट आपटलं होतं ना कागदावर," चंद्रप्रकाश म्हणाला. हात काढला, आणि त्याच हाताने तोंड झाकून खाली बसला. पन्नाशीला आलेला माणूस पोरांसमोर हमसून हमसून रडला. न्हाणीचा कोपरा सोडला तर आत रडायलाही आडोसा नव्हता.

उरलं एकच. बाहेर जाता येत नाही, तर जे मुलाने करायचं ते इथेच करायचं. पण दहावा कधी धरायचा? चौदाव्या दिवशी बाबांचा आवाज होता, एकविसाव्या दिवशी देव झाकलेले. मधला गुरुवार धरला, अठरावा दिवस. म्हणजे दहावा येतो सत्ताविसाव्या दिवशी, शनिवारी. बापाच्या मरणाची तारीख कोणी अशी सरासरी काढून ठरवली असेल?

शनिवारी सकाळी त्याने प्रीतमला न्हाणीच्या कोपऱ्यात बोलावलं. तिथे कॅमेरा नव्हता. स्थानकात केस कापायचे तर एकट्याने जमत नाही. वजन नसेल तर केस तरंगून यंत्रात जातात, म्हणून एकाने मशीन चालवायचं आणि दुसऱ्याने शोषनळी धरायची. इथे केस मुकाट खाली पडले असते, पण नियम तो नियम.

"काका, नक्की माहीत आहे का तुम्हाला?" प्रीतमने विचारलं.

"माहीत असतं तर बरं झालं असतं रे. धर नळी."

प्रीतमने नळी धरली. डोकं गेलं, मग मिशी गेली. मग चंद्रप्रकाशने गरम पाण्यात फुगवलेल्या उपम्याचे तीन गोळे वळले; भात नव्हता, तीळ नव्हते, दक्षिण कोणती तेही दार आठवून ठरवलं. दार बसवताना होकायंत्र लावलं होतं ना! बाबा, चुकलं असेल तर पोटात घाला, म्हणाला. मोजून मिळणाऱ्या पाण्यातलं आपलं अर्धं त्याने त्यावर सोडलं.

श्रुतिकाने पडद्यावर ते गुळगुळीत डोकं पाहिलं आणि जे समजायचं ते समजली. साहेबांकडे धावली. साहेब म्हणाले, तीन दिवस उरलेत, नोंद करा. तिने नोंद केली.

रविवारी शेवटचा व्हिडिओ आला. पंचा काढलेला, देव घासून लख्ख, समई लावलेली. बाबांचा आवाज नाहीच. चंद्रप्रकाशने पडद्याला नमस्कार केला. सगळं उरकलं होतं तर. घरचंही, त्याचंही.

तिसाव्या दिवशी सकाळी अकराला दार उघडलं. बाहेर फोटोवाले, साहेब, रत्नप्रभा, मागे अर्धा सेक्टर. आणि सगळ्यांना कोपराने ढकलत, हातात झेंडूचा हार घेऊन, इस्त्रीच्या शर्टात, भिकाजी परब.

चंद्रप्रकाशने दाराची चौकट धरली.

भिकाजींचा हार अर्ध्यावर राहिला. त्यांनी मुलाचं डोकं पाहिलं, ओठावरची मोकळी जागा पाहिली. आजवर त्यांना गप्प झालेलं कोणी पाहिलं नव्हतं, ते त्या दिवशी सेक्टर पाचने पाहिलं. विमलाबाईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. रत्नप्रभा रडतच सांगायला लागली की गावाला लवूच्या सुनेला मुलगी झाली, सोयर होतं, पण घराबाहेरची बातमी सांगायला परवानगी नव्हती. आणि बाबांनी मॅचचा निकाल फोडला म्हणून व्हिडिओच्या वेळी त्यांना जिन्यात बसवायची कक्षाची सक्त ताकीद होती. चंद्रप्रकाशला यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

"माझा सगळा उरकलंस?" भिकाजींनी हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली.

"पिंडाक काय घातलंस?"

"उपमा, बाबा."

"उपमा!" म्हातारा हसायला गेला आणि तसाच राहिला. हात त्याने मुलाच्या टाळूवरून फिरवला, एकदा, दोनदा. "उपमा खावन कोण वर जाता रे."

लोक हसले, फोटो निघाले, गार्गीने भिकाजींना वाकून नमस्कार केला. चंद्रप्रकाश मात्र वडिलांकडे पाहत होता तो अनोळखी माणसाकडे पाहावं तसा. आनंद यायला हवा, हे त्याला कळत होतं. येत नव्हता. नऊ दिवस खणून खणून बाप मनातून काढला होता, त्याला परत कुठे ठेवायचं ते सापडेना. घरी जाताना भिकाजी त्याचा दंड धरून चालले. मार्केटपाशी ते थकून थांबले आणि चंद्रप्रकाश नकळत चार पावलं पुढे निघून गेला, एकट्याने चालायची सवय झालेल्या माणसासारखा. मग मागून हाक आली आणि तो दचकून वळला.