आखाडातला इन्स्पेक्टर

"हात ओला कर आधी," असं ते प्रत्येकाला सांगायचे. मासा गळाला लागला की भल्याभल्यांचं भान सुटतं. कोरड्या हातांनी त्याला कवटाळायला जातात आणि त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काढतात. मग हे पुढे व्हायचे, स्वतःचे हात कोपरापर्यंत भिजवायचे, डाव्या तळहातावर मासा आडवा घ्यायचे आणि उजव्या अंगठ्याने त्याच्या छातीजवळचा पंख उलगडून आतल्या बाजूने एकदाच हळू चोळायचे. डोळे तेव्हा समोरच्या डोंगराकडे असायचे. मग निकाल यायचा. "खरखरीत. नर हाय, ठेव." किंवा "गुळगुळीत. मादी. सोड तिला."

आम्ही त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचो. ते सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते आणि मी त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागलो. मशिनवरून आलेला शाफ्ट मोजायच्या आधी ते त्यावर अंगठा फिरवायचे आणि हा परत जाणार म्हणून सांगून टाकायचे. एकदा माझ्या मोजणीत शाफ्ट अगदी बरोबर निघाला. मी हट्टाने वाद घातला. त्यांनी मोजायचं यंत्र उलटं करून त्याच्या तपासणीची चिठ्ठी दाखवली. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. त्यानंतर मी वाद घालायचं बंद केलं, आणि आता वाटतं तिथेच माझं चुकलं.

निवृत्तीनंतर दर रविवारी गिरणारेच्या पुढे, धरणाचं पाणी मागे सरत ओढ्याला भेटतं तिथे, ते गळ टाकून बसायचे. हळूहळू आम्ही सात-आठजण त्यांच्याभोवती जमलो. एकदा पलीकडच्या काठाला काहीजण जाळं लावत होते. आमच्यातल्या कुणीतरी नेहमीच्या सवयीने "इन्स्पेक्टर आले" म्हणून हाक दिली, आणि ती मंडळी जाळं तिथेच टाकून पळाली. ह्यांनी ते जाळं गुंडाळून झाडाखाली ठेवलं आणि दोन रविवार मालकाची वाट पाहिली. परत द्यायचं होतं म्हणे.

आता आखाडाचं सांगायला हवं. श्रावण लागला की महिनाभर सामिष बंद, म्हणून आखाडात आपल्याकडे घरोघरी आडवा हात मारून घेतात. नेमक्या त्याच दिवसांत रोहू आणि मृगळ पोटात अंडी घेऊन नव्या पाण्यावर चढतात. आणि ह्या अंड्यांची गाभोळी म्हणजे काय चीज आहे, ती हळद-मीठ लावून तव्यावर कशी फुलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. इन्स्पेक्टरसाहेबांनी ह्याच दिवसांत आमच्यावर नियम घातला. आखाडात मादी घरी न्यायची नाही. नर खुशाल न्यावा.

हे नर-मादीचं प्रकरण सोपं नसतं. कोंबडा-कोंबडीसारखं लांबून दिसत नाही. उन्हाळ्यात तर त्यांनाही ओळखता येत नसे, आणि उन्हाळ्यात ओळखतो म्हणणारा थापा मारतो हेही ते स्पष्ट सांगायचे. पावसाळा लागला की मात्र नराच्या पंखाला आतून खरखर येते. मादीचा पंख तसाच मऊ राहतो, पोट फुगतं, गुदद्वार लालसर होतं. पण पोट तर भरपेट खाल्लेल्या नराचंही फुगतं. म्हणून शेवटचा शब्द अंगठ्याचा. मरळ माशाच्या बाबतीत मात्र त्यांचा न्याय वेगळा होता. मरळीची लालसर पिल्लं पाण्यावर घोळक्याने दिसली की ते तिथे कुणालाच गळ टाकू देत नसत. "हितं नर-मादी इचारायचंच नाय," म्हणायचे, "ह्यांच्यात बापबी पोरं सांभाळतो. आपल्या लय पुढं गेलेली जात हाय."

नियमाला विरोध होता तो एकट्या भामऱ्यांचा. भामरे मूळचे सटाण्याकडचे, सिडकोत त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. गाभोळीवर त्यांचा जीव. "नर काय नि मादी काय, पोटमा गयं का सारखंच शे," असं आपल्या अहिराणीत पुटपुटत ते मासा सोडायचे, आणि पाण्यात गेलेल्या माशाकडे बघत राहायचे. पण सोडायचे. कारण साहेबांचा अंगठा कधी चुकला नव्हता. मादी म्हणून सोडायला लावलेली मादीच असणार आणि नर म्हणून नेलेला घरी चिरल्यावर नरच निघणार, ही आमची खात्री होती. सगळा नियम तेवढ्यावर उभा होता.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. सौम्य होता. महिन्याभरात ते चालू लागले, उजव्या हाताने जेवू लागले, आणि पावसाळ्यात काठावर हजर झाले. आम्हाला वाटलं, सुटले.

त्या आखाडातल्या एका रविवारी भामऱ्यांना चांगला चार किलोचा रोहू लागला. घरी जावई यायचा होता, लग्नानंतरचा पहिला आखाड. भामऱ्यांनी मासा साहेबांपुढे धरला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी पंख चोळला, डोंगराकडे बघितलं, पुन्हा चोळला. दोनदा चोळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मासा मला पोटाकडून दिसत होता आणि ते पोट मला बरं वाटलं नाही. पण मी बोललो नाही. साहेब म्हणाले, "नर हाय. न्या भामरे, जावयाला खाऊ घाला."

संध्याकाळी आमच्या ग्रुपवर फोटो आला. ताटात गाभोळीचे दोन भलेमोठे तुकडे होते आणि खाली भामऱ्यांनी लिहिलं होतं, आजचा नर. मग हसण्याची चित्रं सुरू झाली. कुणी लिहिलं, आता नियम गेला उडत. कुणी विचारलं, इतकी वर्षं आपण काय काय सोडलं असेल. साहेबांनी फोटो पाहिल्याची खूण दिसत होती.

मला वाटलं, आता ते काही येत नाहीत. पुढच्या रविवारी मी पोचलो तर ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले. गळ आणलाच नव्हता. सगळे जमेपर्यंत थांबले, मग उभे राहिले.

"माझ्या उजव्या हाताला कळत नाय," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून. चमचा धरतो तो बघून धरतो. मी लपवलं. भामरे, तुमची चूक नाय, माझी हाय."

भामरे खाली बघायला लागले. साहेब पुढे म्हणाले, "नियम माझ्या अंगठ्यावर ठेवला ते चुकलं. आता ज्यानं त्यानं आपापला अंगठा तयार करायचा. आणि ज्याला खात्री नाय त्यानं सोडायचा. नियम हाय तोच हाय."

त्यांच्या आवाजात विनंती नव्हती. कारखान्यात पाळी बदलताना जशी सूचना द्यायचे, तशीच ही दिली.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. टेबलावर पॉलिश पेपरचे तुकडे पसरले होते, सुतार लाकूड घासायला वापरतो ते, जाड्यापासून अगदी मऊपर्यंत. साहेब डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकेक तुकडा त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली सरकवत होत्या. ते नंबर सांगायचे, काकू मागे उलटून बघायच्या. चुकलं की काकूंना हसू यायचं आणि साहेब तोच तुकडा पुन्हा मागायचे. चाळीस वर्षं डाव्या हाताने नुसतं धरायचं काम केलं होतं, त्याला आता शाळेत घातलं होतं. त्या दिवशी मला शंका आली होती, हे मी त्यांना तेव्हा सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे न उघडता मला समोर बसायला सांगितलं आणि एक तुकडा माझ्या अंगठ्याखाली दिला.

त्यानंतरचे रविवार आमच्या परीक्षेचे गेले. मासा लागला की ज्याचा त्याने पंख चोळायचा, निकाल द्यायचा, मग तो शेजाऱ्याने तपासायचा, आणि सगळ्यात शेवटी साहेबांचा डावा अंगठा. सुरुवातीला तोही डळमळायचा. तसं असलं की ते सरळ म्हणायचे, मला सांगता येत नाही, सोडा. श्रावण लागल्यावर खायचा प्रश्नच उरला नाही, तरी ते आम्हाला बोलवत राहिले. मासे नुसते धरायचे, ओळखायचे आणि सोडायचे. भामरे कुरकुरत यायचे, पण एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. पावसाळा सरता सरता साहेबांचा डावा अंगठा आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला होता.

मागच्या डिसेंबरात दुसरा झटका आला. तो सौम्य नव्हता. चौथ्या दिवशी ते गेले.

ह्या वर्षी आखाडात आम्ही जमलो. त्यांच्या नेहमीच्या जागेवर कुणी बसलं नाही, तसं ठरवलं मात्र नव्हतं. दुपारी भामऱ्यांच्या गळाची काठी वाकली. पुन्हा रोहू, तसाच मोठा. जावई ह्या वेळी आदल्या दिवशीच मुक्कामाला आला होता. भामऱ्यांनी पंख चोळला. पुन्हा चोळला. हात बदलून चोळला. मी जवळ गेलो तर त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

"मला खात्री नाय," ते म्हणाले, आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मासा सोडला.

ते काठावर परत आले तेव्हा त्यांच्या मनगटावर दुधासारखा पांढरा ओघळ होता. या दिवसांत नराला दाबून धरलं की तो येतो. भामऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते अजून पाण्याकडेच बघत होते. मी त्यांना हात धुवायला सांगितलं, आणि दुसरं काही सांगितलं नाही.