राजधानीतात्या

मुंबईला कुणी नावं ठेवली की तात्यांचा हात आधी उठायचा, बोलणं नंतर. सणसरच्या एसटी थांब्यावर एक ट्रकवाला "मुंबई काय तुमची हाय व्हय?" म्हणाला आणि तात्यांनी त्याचे दोन दात पाडले. मी त्यांच्या शेजारचा, तिथेच उभा होतो. सगळा गाव त्यांना राजधानीतात्या म्हणायचा.

घर मेंढ्या राखणाऱ्यांचं. कळप विकावा लागला तेव्हा तरुण तात्या मुंबईच्या गोदीत हमालीला गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांचा खोलीतला सोबती, अंथुर्ण्याचा सदा, गोळी लागून शेजारीच पडला. त्याच्या मानेची जखम दाबून धरताना तात्यांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत भिजली. "कोळ्यांची सात बेटं इंग्रजानं भराव घालून जोडली. पर राजधानी आमच्या सदानं केली," असं ते सांगायचे.

नोकरी सुटल्यावर ते गावी आले. थंडीत मात्र लेकीकडे मुंबईला राहायचे. त्र्याण्णवच्या जानेवारीत दंगल पेटली तेव्हा ते तिथेच होते. जमावाने चाळीखालच्या बेकरीवाल्याला ओढून बाहेर काढलं, त्याच्या अंगावर रॉकेल ओतलं. तात्या काठी घेऊन जिना उतरले. जमावातल्या एका ओळखीच्याने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तुम्ही तर आपले म्हणाला. पहिली काठी त्याच्याच खांद्यावर बसली. मग सगळे तात्यांवर तुटून पडले. तेवढ्यात लेकीने बेकरीवाल्याला घरात ओढून घेतलं. तो वाचला. लोखंडी गजाने तात्यांचा डावा डोळा गेला.

गावी आणल्यावर पट्टी बदलायला मी त्यांना मोटारसायकलवरून इंदापूरला न्यायचो. एकदा विचारलं, आपल्याच लोकांना का मारलंत?

"सदा हातातनं गेला. ह्यो हाताशी हुता."

आता ते मुंबईचं तोंड पाहणार नाहीत, असं सगळ्यांना वाटलं. जखम भरताच त्यांनी वळकटी बांधली. तिथं आता काय राहिलंय, असं मी म्हणालो.

"हितं मी आजून मेंढक्याचं पोर हाय. तितं समुद्रावर जाऊन बसावं, कोण कुठला, कुणी इचारत न्हाय. त्या जानेवारीत इचारत हुते, तवा डोळा गेला. म्हणून मुंबई सोडू व्हय?"

दोन वर्षांनी ते तिथेच वारले. मी पोचलो तेव्हा भावकी अस्थी सणसरला न्यायला अडून बसली होती. त्या इथल्याच समुद्रात सोडायच्या, असं तात्यांनी सांगून ठेवलंय, हे लेक परोपरीने सांगत होती. एका चुलतभावाने तिच्या हातातलं मडकं हिसकायला तिचा दंड पिरगाळला.

मी त्याची गचांडी धरली आणि त्याला भिंतीवर आदळलं. तोवर मी कुणाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं.