खडा टाका, पाणी ऐका

लिहायचं काम माझं न्हाई. माझी शाळा चौथीतच सुटली, ती मेंढरांमागं. पण शोभा टीचरनं दोनशे पानी वही आणून हातात कोंबली न् म्हणली, "अप्पा, दर चहाला तेच ते सांगताव. एकदाचं लिहून टाका, आमचे कान तरी मोकळे हुतील!"

घ्या! सांगितलं तर कान दुखतात, न्हाई सांगितलं तर वही आणतात.

तिचं बी चूक न्हाई म्हणा. दर रविवारी रानात सायकल घातली की किस्से गोचिडासारखे चिकटून येतात. बघावं तेव्हा एखादा जास्तीच. उपटतो आता एकेक. शुद्धलेखन टीचरनं बघावं.

आम्ही चौघं. डाक्टर विरुपाक्ष, बिदरात दात काढतो, आमचा म्होरक्या. सायकलीच्या दांडीवर फोन, फोनात नकाशा, न् नकाशात त्याचा जीव. शोभा टीचर गणित शिकवते. इरफान बिदरीचा कारागीर, काळ्या धातूत चांदीची तार ठोकतो. न् मी माणिक, चिंताकी गावचा, बिदरजवळच्या कोळारच्या गोडाऊनात पोती उचलून म्हातारा झालेला. त्या तिघांच्या सायकलींचे हँडल एडक्याच्या शिंगासारखे वळलेले. माझी सायकल काळी, उंच, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची. तिला शिंगं न्हाईत, पण ती मारती.

* * *

पहिली भेट. तिघं वाट चुकून माझ्या तुरीत शिरले होते. शिव्या द्यायला गेलो न् त्या शिंगाळ्या सायकली बघून शिव्याच इसरलो.

"ही कसली रे सायकल?"

"ग्रॅव्हल बाईक, अप्पा," डाक्टर म्हणला.

"ग्रॅव्हल म्हंजे?"

त्यानं वाकून बांधावरचा लाल खडा उचलला न् माझ्या हातावर ठेवला.

"मुरूम व्हय!" मी म्हणलो. "आरं, जन्मभर मुरुमावरनंच सायकल हाणायलोय मी. ह्याला खेळ म्हणतात, हे कुणी सांगितलंच न्हाई मला!"

पुढच्या रविवारपासनं मी त्यांच्यात.

* * *

आमच्याकडं वर लाल माती न् खाली उतरलं की काळी. लाल मातीवर पावसातबी सायकल पळती. काळी मात्र चाक धरती न् सोडत न्हाई. हे शेंबड्या पोराला कळतं, फोनाला कळत न्हाई.

पाऊस नुकताच उघडला होता. डाक्टर म्हणला, "नकाशात वाट हाय."

मी म्हणलो, "वाट हाय, पण काळीत हाय."

"शॉर्टकट हाय अप्पा!"

शंभर पावलं गेलो न् चाकं जात्याच्या पाळूएवढी जड झाली. फिरंनात. शेवटी चौघांनी सायकली खांद्यावर घेतल्या न् चिखल तुडवत निघालो. इरफान मागनं वरडला, "डाक्टर साब, सुबू सायकल हमना लेको आयी थी. अब हम सायकल कू लेको जारे!"

* * *

एकदा टेम्पोत सायकली टाकून करजगीकडं गेलो. शोभाचा मावसभाऊ पुण्याहून आला होता, तो बी संगट. मोठा तयारीचा गडी. हेल्मेट, काळा गॉगल, पाठीवर पाण्याची पिशवी, तिची नळी तोंडात. सगळ्यात पुढं तोच.

तुरीत खुरपणारी एक बाई त्याला बघून कानडीत वरडली, "मुंद हळ्ळ अद! ह्वागब्याडरी!"

पुढं ओढा हाय, जाऊ नका, एवढंच बिचारी सांगायली होती. पण कानडीतला ओढा म्हंजे 'हळ्ळ'. पुण्याच्या कानाला तो 'हल्ला' ऐकू आला!

गड्यानं सायकल फिरवली न् आमच्या बाजूनं असा सुसाट गेला की आम्हाला वाटलं, ह्याच्या पोटात कळ आली. आडोसा बघायला चाललाय म्हणून कुणी हाक बी मारली न्हाई.

आम्ही ओढ्यात पाय सोडून भाकरी खायलो होतो. अर्ध्या तासानं बघतो तर गावातले दहा-बारा जण काठ्या घेऊन पळत यायलेत, न् पुढं आमचा पुणेकर!

त्यातला एक म्हातारा दम खात म्हणला, "कुणी कुणाला मारलं?"

शोभा म्हणली, "अजून कुणी न्हाई, काका. पण ह्याला घरी नेऊन मी मारणार हाय!"

* * *

हसायचं हसून झालं. पण रानात गप करणाऱ्या गोष्टी बी लई हायेत.

थंडीत उजाडताना हरभऱ्याच्या रानातनं जायलो होतो. धुकं गुडघ्याएवढं. एकदम शोभानं हात वर केला. समोर काळवीट. एक न्हाई, कळपच्या कळप. धुक्यावर नुसती शिंगं तरंगायलेली, पिळाची. मधला नर वाटेवरनं उडाला. उडाला म्हंजे उडीच, पण खाली यायची त्याला काही घाईच नव्हती. मी मेंढरं राखलेला माणूस, जनावर मला नवं न्हाई. तरी हात जोडले गेले.

मग डाक्टरनं फोनातनं मान वर केली न् म्हणला, "थांबलाव कामून? वाट तर बरोबर हाय!"

* * *

त्याच दिवशी अष्टूरला, जुन्या सुलतानांच्या कबरींवरच्या घुमटांपाशी गेलो. एक घुमट अर्धा पडलाय न् अर्धा उभा हाय. कशावर उभा हाय, ते त्यालाच माहीत. दुसऱ्याच्या आत छताला रंगाची बारीक नक्षी, इतक्या वर्सांची, अजून ओली वाटावी अशी. इरफान उताणा पडून बघत राह्यला. किती हाका मारल्या, उठंना. शेवटी उठला तर डोळे पुसत.

"क्या हुआ रे?" मी इचारलं.

"कुछ नै चाचा. इसकू बनानेवाले की गर्दन कित्ती दुखी हुइंगी!"

त्याचं बघून माझ्या तोंडातनं निघून गेलं. म्हणलो, "माझ्या बापानं बी मला असंच एक दाखवलंय, पण जमिनीखाली. वरच्या रानात सुरंग हाय, पाण्याची. जुन्या राजांनी खणलेली. वरनं इहिरीसारखी भोकं, एका ओळीत. बाप तिथनं मेंढरांना पाणी काढायचा. आधी खडा टाकून ऐकायचं. 'डुब' आलं तर पाणी उभं. आवाज गोल फिरून लांब गेला तर पाणी वाहतं. वाहतं तेच प्यायचं."

डाक्टरनं फोन चाळला. "नकाशात असलं काही न्हाई, अप्पा. सॅटेलाईटमधी बी न्हाई. बंडल मारायलाव तुम्ही. न्हाईतर तुमच्या वडलांनीच तुम्हाला बंडल मारलं असंल!"

सगळ्यांसमोर. बाप जाऊन चाळीस वर्सं झाली माझा. त्याचा एक फोटो न्हाई माझ्याकडं. ती सुरंग तेवढी त्याची आठवण.

मी म्हणलो, "येत्या रविवारी दाखवतो. न्हाई दिसली तर सायकल भंगारात, न् मी तुमच्यात यायचा न्हाई."

डाक्टर म्हणला, "दिसली तर तुमची बी माफी मागतो न् तुमच्या वडलांची बी!"

* * *

रविवारी गेलो. ते रान राह्यलंच नव्हतं. आमच्या येळी उघडा माळ होता. आता तिथं झाडी, घाणेरीच्या जाळ्या न् गुडघाभर पाचोळा. ज्या लिंबाची खूण धरून आलो होतो तो लिंबच न्हाई. सकाळपासनं फिरलो. ऊन डोक्यावर आलं. हात काट्यांनी फाटले. डाक्टर माझ्या मागनं काटे सारत यायला होता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

खरं सांगतो, मलाच शंका यायली. बापानं दाखवलं होतं, का नुसतं सांगितलं होतं? का मीच रचलं?

"चला माघारी," मी म्हणलो न् सायकलीवर बसलो. भंगारवाल्याचं घर कुठल्या गल्लीत, तेच डोक्यात.

पाचोळ्यावर चाकाचा आवाज येतो सळसळ. सळसळ, सळसळ, न् एकदम चर्र झालं!

मी ब्रेक दाबला. पाचोळा पायानं सारला. खाली मुरूम. लाल, टणक, मुठीएवढे खडे, गोल रिंगणात पसरलेले.

"डाक्टर, हे काय हाय?"

"ग्रॅव्हल."

"झाडीत कुठनं आलं? कुणीतरी खालनं खणून वर टाकल्याबिगर?"

इरफान न् शोभा जाळी तोडायला लागले. मधी दगडी कडं निघालं, न् कड्याच्या आत अंधार. थंड वारा वर आला. उन्हाच्या वक्ताला अंगावर काटा!

मी पोटावर झोपलो न् खडा सोडला. आवाज आला. गोल फिरला, लांब गेला, आणखी लांब, घुमटात कुणी हाक मारावी तसा. पाणी वाहतं होतं. आम्ही वर जगायलो, मरायलो, न् ते खाली आपलं वाहायलंय!

शोभा तिथंच खाली बसली. इरफाननं दर्ग्यात जाताना बांधतात तसा डोक्याला रुमाल बांधला.

डाक्टर माझ्या शेजारी आडवा झाला. म्हणला, "अप्पा, एक खडा द्या."

दिला. त्यानं टाकला, ऐकला.

"आणखी एक."

दातांच्या डाक्टरनं दहा-बारा खडे टाकले. फोन सायकलीवर टुणटुण वाजायला होता, बघितला बी न्हाई त्यानं. मग भोकात तोंड घालून हळूच काहीतरी बोलला. सुरंगीनं ते गोल फिरवलं न् लांब नेलं. आमच्या कानाला काहीच लागलं न्हाई.

"काय म्हणलास रे?"

तो उठला, गुडघे झटकले. डोळे लाल.

"ते तुम्हाला नव्हतं, अप्पा."

बरं. बापाचं बापाला पोचलं असंल. माझी माफी मात्र अजून यायचीच हाय. हे वाचायलास न्हवं, डाक्टर विरुपाक्ष?