आटपाडीच्या शिवेवर केनिया आणि सोमालिया

माझी एक जुनी खोड आहे. दोन माणसं माझ्यासमोर अबोला धरून बसली की मला चैन पडत नाही. मग मी काहीतरी उद्योग करतो आणि तो बहुधा माझ्याच अंगाशी येतो. साठच्या दशकाच्या अखेरीस केलेला हा सांगली-सातारा-आटपाडी प्रवास असाच एक उद्योग होता.

तेव्हा मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघं: मी, केनियाचा म्वांगी आणि सोमालियाचा अब्दी. त्यांच्या देशांत सरहद्दीवरून चकमकी चालल्या होत्या. एकदा मेसमध्ये अब्दी बोलून गेला, "ती जमीन मुळात आमचीच आहे." पंधरा दिवसांनी म्वांगीला घरून पत्र आलं. पोलिसात असलेला त्याचा थोरला भाऊ त्याच सरहद्दीवर गोळी लागून गेला होता. त्या दिवसापासून म्वांगी अब्दीशी एक शब्द बोलला नाही. अब्दी ट्रंक उचलून माधवनगरला एका विणकराच्या घरी राहायला गेला. आठ महिने मी इकडचे निरोप तिकडे करत होतो. आणि आता अब्दीने कॉलेज सोडून मायदेशी जायचा अर्ज लिहून ठेवला होता. सुट्टी संपली की सोमवारी तो देणार होता.

त्या ऑक्टोबरच्या सुट्टीत पेपरात चार ओळींची बातमी दिसली. सोमालियाचे पंतप्रधान सरकारी पाहुणे म्हणून केनियाला गेले होते आणि दोन्ही देश तुटलेले संबंध पुन्हा जोडणार होते. मी चहा अर्धा टाकून उठलो. कात्रण खिशात घातलं, सायकल मारत माधवनगर गाठलं आणि अब्दीला सांगितलं, "शनिवारी आटपाडीची एसटी धर. आमच्या गावची जत्रा आहे."

"आणखी कोण येणार?" त्याने विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मराठीत लिहितो.

"घरचीच माणसं," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

तिथूनच मीटरगेजची गाडी पकडली. म्वांगी सुट्टीपुरता साताऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम शिकत होता. गाडी कऱ्हाडला इतका वेळ थांबली की मी चार वेळा खाली उतरून सिग्नल बघून आलो. शेवटी समोरचे आजोबा वैतागले. "आरं बस की गड्या, तू उतारल्यावर काय विंजन पळनार हाय का?" रहिमतपूरला उतरून एसटीने सातारा गाठेपर्यंत संध्याकाळ झाली.

म्वांगीने कात्रण वाचलं. घडी घालून परत दिलं. "चांगलं आहे," तो म्हणाला, "पण माझा भाऊ या दौऱ्यात नाही."

मी जत्रेचं आमंत्रण तेवढं दिलं. बाकीचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सातारा, रहिमतपूर, पुसेसावळी, विटा आणि तिथून आटपाडीकडची गाडी. रस्ता विट्यापर्यंत बरा, पुढे नुसती धूळ. तिकिटं दोघांची मिळून पाच रुपयांच्या आत. विट्याच्या स्टँडवर कांदाभजी आणि कपबशीतला चहा घेतला. भजी झकास होती म्हणे, मला चव कळली नाही. अब्दी आधी पोचला असेल की नंतर, याचाच हिशेब डोक्यात घोळत होता. गाडीत शेजारच्या म्हातारीने म्वांगीला न्याहाळून विचारलं, "कुठलं पावनं?"

"लय लांबचं, आजी," मी म्हणालो.

"मंग जेवलं का न्हाई कवापास्नं?" म्हणत तिने पिशवीतली चटणी-भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली. चटणीने म्वांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो ती शेवटच्या घासापर्यंत खाऊन हसला. आठ महिन्यांत मी त्याला हसताना प्रथमच पाहिलं.

आमचं गाव आटपाडीच्या अलीकडे चार मैलांवर. घर मेंढरांचं. अंगणात शिरलो तर अब्दी आधीच हजर! माझे चुलते तात्या आणि तो, दोघं एका मेंढीचा खूर धरून बसले होते. एक मराठीत, दुसरा सोमालीत बोलत होता आणि दोघांचं छान जमलं होतं. अब्दीचं घरही शेळ्या-उंटांचं.

अब्दीने वर पाहिलं. म्वांगी जागीच थांबला. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "तू मला फसवलंस." आणि चालू लागला. पण जाणार कुठे? उद्यापर्यंत एसटी नव्हती. तो शाळेच्या ओट्यावर जाऊन बसला.

तात्यांनी मला गोठ्यामागे घेतलं. सगळं ऐकून म्हणाले, "लेका, न विचारता दोन बैलं एका दाव्याला बांधलीस की रं." मला अक्षरशः रडू फुटलं. तात्यांनी ते कात्रण मागितलं. त्यांना वाचता येत नसे, पण त्यांनी ते उन्हात धरून पाहिलं. "कोन कुनाच्या घरला गेलाय म्हनं?"

"सोमालियाचा केनियाला."

"व्हय का? मंग उद्या बघू."

आमच्या जत्रेत शेजारगावचा देव पालखीत बसून आमच्या देवाला भेटायला येतो. शिवेवर पालख्या भेटतात, ढोल घुमतात, भंडारा उधळतो. पण खरी गंमत त्यानंतर. पाहुण्या गावची माणसं शिवेपलीकडे रांगेत उभी राहतात. आमच्या गावचा एकेकजण पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन पुढे होतो, एकाला नावाने हाक मारतो आणि घरी जेवायला नेतो. बोलावल्याशिवाय कुणी शीव ओलांडायची नाही. आणि शेवटचा पाहुणा आत आल्याशिवाय पालख्या हलत नाहीत.

सकाळी तात्यांनी अब्दीला दंडाला धरून पलीकडच्या रांगेत उभं केलं. पालखीला हात लावणार नाही, असं अब्दीने आधीच सांगितलं होतं. "देवाचं न्हाई ह्ये, मान्सांचं हाय," असं तात्या म्हणाले, ते मी त्याला समजावलं. म्वांगी एसटीच्या वाटेवर होता. तात्यांनी त्यालाही आणून आमच्या बाजूला उभं केलं आणि तांब्या हातात दिला. म्वांगीला प्रथा सांगायची जबाबदारी माझी. मी सांगितली, पण नजर वर करवत नव्हती.

हाका सुरू झाल्या. "रामू आप्पा, या!" "सखाराम पावनं, चला!" रांग झरझर संपली. ऊन चढलं. पलीकडे एकटा अब्दी उरला. अलीकडे, हातात तांब्या घेतलेला एकटा म्वांगी.

ढोल थांबले. पालखीचे भोई घामाने निथळत खांदा बदलत होते. मी न राहवून पुढे झालो, तसं तात्यांनी माझं मनगट पकडलं. "तू न्हाई. त्येचा पावना हाय." किती वेळ गेला कोण जाणे. मला तिथे उभं राहून जन्म गेल्यासारखं वाटलं. अब्दीने एकदा मागे, मोकळ्या माळाकडे पाहिलं. तो निघून जाणार, असं मला वाटलं.

मग म्वांगी शिवेपर्यंत गेला.

"अब्दी," तो म्हणाला. "पाणी घे. ऊन आहे."

अब्दीने शीव ओलांडली. ओंजळीने पाणी प्याला. "तुझा हिशेबाचा स्लाइडरूल माझ्या ट्रंकेत राहिला होता," तो म्हणाला. एवढंच. ढोल पुन्हा सुरू झाले आणि मी खाली बसून घेतलं.

दुपारी बाजरीची भाकरी आणि मटणाचा रस्सा. आमच्याकडे बकरं मुलाणीच हलाल करून कापतो, त्यामुळे अब्दीच्या जेवणाची अडचण नव्हती. दोघं शेजारी बसले, पण गप्पा वगैरे काही नाही. नंतर म्वांगीने मला बाजूला घेऊन बजावलं, "मी माफ केलेलं नाही. फक्त आत बोलावलंय."

आता जायचं असेल तर सांगलीहून आटपाडीला भरपूर गाड्या आहेत, रस्ता गुळगुळीत आहे. कालव्याचं पाणी आल्यापासून माळावर डाळिंबं लागली आहेत. आमची भेटीची जत्राही होते. फक्त दिवाळीच्या आधी कुणाला तरी विचारून तिथी पक्की करा आणि टोपी न्या.

सोमवारी आम्ही तिघं सांगलीला परतलो. अब्दी स्लाइडरूल घेऊन खोलीवर आला. अर्ज त्याच्या शर्टाच्या खिशात दिसत होता. माझी चुळबुळ सुरूच. कपाट उघड, बंद कर. तो दारातच उभा राहिला आणि म्वांगीला म्हणाला, "तुझ्या भावाचं नाव काय होतं?"

म्वांगी खाटेवर बसला. मग त्याने नाव सांगितलं, आणि त्यामागोमाग भावाचं लहानपण, त्याची शिट्टी, त्याची सायकल. अब्दी दारात उभा राहून ऐकत होता. म्वांगीने सरकून खाटेवर जागा केली, तेव्हा तो बसला. अर्ज त्याने कधीच दिला नाही.

मी मात्र तिथून निघून व्हरांड्यात गेलो. आठ महिने निरोप पोचवले, कात्रणं फिरवली, गाड्या बदलल्या, खोटं बोललो. पण ज्याच्यासाठी म्वांगी जळत होता, त्याचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. ते मला त्या दिवशी ऐकू आलं, आजही पाठ आहे. पण इथे लिहीत नाही. विचारलं अब्दीने होतं.