झाडावरचं तुझं

त्या व्यापाऱ्याला सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी धंद्यात नवा होतो. टोकावड्याजवळची आंब्याची अकरा झाडं मी लोणच्याच्या कैऱ्यांसाठी त्याच्याकडून घेतली. बोलणं तोंडी. "झाडावरचं तुझं," तो म्हणाला आणि मी मान डोलवली. चार दिवसांनी वळीव आला. पोती घेऊन पोचलो, तर त्याचीच माणसं खालच्या कैऱ्या टोपल्यांत भरत होती.

"शेठ, हा माल माझाय."

"झाडावरचं तुझं बोललो ना? मंग वर बघ, काय हाय ते घे!"

शेंड्याला दोन कैऱ्या लटकत होत्या. शेठ आणि त्याची माणसं पोट धरून हसली. 'पड', म्हणजे वाऱ्याने पडलेला माल, आमच्याकडे वेगळा बोलून घ्यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्या अंगावर धावलो, तेव्हा चौघांनी मला धरलं.

पुढे मी टेम्पो घेतला, बाजारात नाव कमावलं, पण ते हसणं कानातून गेलं नाही. बारा वर्षांनी कळलं, की शेठने किन्हवली, सरळगाव आणि वैशाखरे इथली झाडं घेतलीत. मी तिन्ही मालकांना गाठलं. तिघांशी त्याचं बोलणं एकच झालं होतं: झाडावरचं त्याचं. भाव पाडायला पड बोलण्यात मालकाची ठेवायची आणि वारा सुटला की मालक यायच्या आत ती उचलायची, ही त्याची रीत. मी तिघांकडून पड रोख विकत घेतली. आता फक्त वादळ हवं होतं, आणि त्याच्या माणसांच्या आधी झाडाखाली मी.

मे महिन्यातल्या एका सकाळी माळशेजकडे ढग चढलेले दिसले आणि मी शहापुरातून निघालो. किन्हवलीला अंधारून आलं, जोरात गडगडलं, पण पानही हललं नाही. ढग सरळगावकडे सरकले, मी त्यांच्या मागे. तिथे पोचेस्तोवर चार थेंब पडून नुसती धूळ बसली होती. टोकावड्याच्या ढाब्यावर चहा घेत मी घाटाकडून येणाऱ्या एसट्यांचे टप बघत बसलो. दोन गाड्या कोरड्या आल्या. तिसरी आली ती निथळत. चहा टाकून मी ड्रायव्हरला हात केला.

"कुठं लागला?"

"वैशाखऱ्याला! जाऊ नको, गारा हायेत!"

मी गेलो. वीज अशी कडाडत होती, की झाडांची मालकीण म्हातारी पडवीतून ओरडली, "झाडाखाली नको थांबू रे, मरशील!" मी डोक्यावर पोतं घेऊन तिथेच उभा राहिलो. कैऱ्या धपाधप पडत होत्या आणि मी एकेक आवाज ऐकत होतो.

पाऊस ओसरता ओसरता शेठची जीप आली. माणसं टोपल्या घेऊन उतरली.

"ए, हात लावू नको मालाला!"

"शेठ, झाडावरचं तुमचं," मी म्हणालो. "वर बघा, काय हाय ते घ्या."

"पड मी यालाच दिलीय," म्हातारीने पडवीतूनच सांगितलं.

शेठने वर पाहिलं, मग माझ्याकडे. "कोण रे तू?"

"टोकावडे. अकरा झाडं."

तो खरोखर आठवून बघत होता, आणि त्याला आठवेना. "कंची अकरा?" त्याने एक कैरी उचलली, गारेने फुटलेली बाजू मला दाखवली आणि तसाच हसला. "सांजेला काळी पडंल. ने, सगळी ने."

मी शेवटची कैरीही सोडली नाही. पोती भरेस्तोवर त्याला तिथे थांबायला लावलं, कारण टेम्पो मी त्याच्या जीपला आडवा लावला होता. माल अर्धाअधिक सडला. त्याचं मला काही नाही. त्याला अकरा झाडं आठवली नाहीत, हे मात्र लागलं.

पुढच्या वर्षी मोहोर धरताच मी त्याच्या सगळ्या मालकांकडे गेलो. या वेळी जादा भावाने पड घेतली, आणि झाडावरचंही. त्यानंतर माझं नाव त्याला कधी विचारावं लागलं नाही.